फूल, दोन पानं आणि कलम ५०

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातल्या मतदाराच्या हातात जी मतपत्रिका पडली तिच्यावर दोन चित्रं होती. फुलाला मत म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन. दोन पानांना मत म्हणजे गोवा आहे तसा, केंद्रशासित. आमचं घर सावंतवाडीकडचं, त्यामुळे त्या फुलाचा विषय निघाला की जुनी माणसं अजून सुस्कारा टाकतात. चौतीस हजार मतांनी फूल हरलं. सुस्कारा बाजूला ठेवून मला त्या मतपत्रिकेचं कौतुक वाटतं ते एका कारणासाठी: दोन्ही चित्रांच्या मागे खरीखुरी जागा होती. महाराष्ट्र १९६० पासून उभा होता, त्याला विधानसभा होती, कायदे होते, कलेक्टर-तलाठी होते. कोकणीचं काय होणार, नोकऱ्या कुणाला मिळणार यावरून कडाक्याची भांडणं झाली, पण ज्या घरात जायचं की नाही यावर ती होती ते घर सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये मी मत दिलं तेव्हा मतपत्रिकेवर चित्रं नव्हती, दोन वाक्यं होती. युरोपीय महासंघात राहावं, किंवा महासंघ सोडावा. 'राहावं' म्हणजे काय हे त्रेचाळीस वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. 'सोडावा' म्हणजे काय, हे प्रचारातल्या प्रत्येक माणसागणिक बदलत होतं. बाहेर पडून महासंघाशी कसलं नातं ठेवायचं यासाठी कुणी नॉर्वेचं नाव घ्यायचा, कुणी स्वित्झर्लंडचं, कुणी कॅनडाचं, आणि काहींना तर कुणाचंच नाव घ्यायची गरज वाटत नव्हती. निकाल लागला: सोडावा ५१.९ टक्के, राहावं ४८.१ टक्के. मी 'राहावं'वर फुली मारली होती, तेव्हा माझा कल धरूनच पुढचं वाचा.

पण हा लेख सार्वमत घ्यायला नको होतं, असं रडगाणं गाण्यासाठी नाही. एक कोटी चौऱ्याहत्तर लाख लोकांनी 'सोडा' म्हटल्यावर सोडायलाच हवं होतं. मला बोलायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल. अशा निकालानंतर जे नवं सरकार येतं, त्याला लोकांनी निघण्याचा हुकूम दिलेला असतो. मुक्कामाचा पत्ता दिलेला नसतो. तो पत्ता आधी घरात बसून, संसदेत, विरोधकांना धरून ठरवायचा आणि मगच समोरच्याला नोटीस पाठवायची. थेरेसा मे यांच्या सरकारनं नेमकं उलट केलं. पुढच्या साडेतीन वर्षांचा तमाशा त्या उलट्या क्रमातून आला असं माझं मत आहे. त्यात मे यांच्या हट्टी स्वभावाचा, ब्रसेल्सच्या, म्हणजे महासंघाच्या मुख्यालयाच्या, आडमुठेपणाचा किंवा 'गद्दार' खासदारांचा वाटा त्यामानानं थोडा.

तयारीचं म्हणाल तर शून्य होती. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी 'सोडा' जिंकलं तर काय, याचा आराखडा करायला सरकारी खात्यांना मनाईच केली होती. बँक ऑफ इंग्लंडनं आपल्यापुरती तयारी ठेवली होती, सरकारनं नाही. संसदेच्या परराष्ट्र समितीनं पुढे याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. १३ जुलैला मे पंतप्रधान झाल्या तेव्हा त्यांना रिकामं कपाट मिळालं. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? वेळ मागेल. आणि वेळ मागायला त्यांच्या हातात हुकमाचं पान होतं.

ते पान म्हणजे कलम ५०. लिस्बन करारातलं हे कलम सांगतं की ज्या देशाला महासंघ सोडायचा आहे त्यानं तसं पत्र द्यावं. पत्र दिल्यापासून दोन वर्षांत करार झाला तर ठीक, नाही तर देश आपोआप बाहेर. मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या देशांची संमती हवी. म्हणजे पत्र देईपर्यंत सगळी वेळ निघणाऱ्याच्या मुठीत, आणि पत्र दिल्याक्षणी ती समोरच्यांच्या मुठीत. सत्तावीस देशांपुढे ब्रिटनच्या हातात असं एकच हत्यार होतं. मे यांनी ते २ ऑक्टोबर २०१६ ला बर्मिंगहॅममध्ये, हुजूर पक्षाच्या अधिवेशनात, टाळ्यांच्या बदल्यात टाकून दिलं: मार्च संपायच्या आत पत्र देऊ. संसदेत त्यावर मतदान झालेलं नव्हतं, विरोधकांशी बोलणं झालेलं नव्हतं. स्वतः 'राहावं'च्या बाजूच्या असल्यामुळे पक्षाला त्यांची खात्री नव्हती, आणि ती पटवण्यासाठी हा दाखला होता. १७ जानेवारी २०१७ ला लँकेस्टर हाऊसच्या भाषणात त्यांनी एकल बाजारपेठ (मालाचे नियम सगळ्या देशांत एकच) आणि सीमाशुल्क संघ (आपसात जकात नाही, बाहेरच्यांना सगळ्यांची एकच), दोन्हींतून बाहेर पडायचं जाहीर करून टाकलं. मुक्कामाचा पत्ता असा एका भाषणातून कळला.

मौज म्हणजे 'सत्ता पुन्हा आपल्या संसदेकडे' हे ज्या मोहिमेचं ब्रीद, तिचं काम हाती घेतलेलं सरकार संसदेला न विचारता पत्र देता यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २४ जानेवारीला आठ विरुद्ध तीन असं हरलं. मग घाईनं विधेयक आलं, आणि खासदारांनी ४९८ विरुद्ध ११४ मतांनी ते पुढे नेलं. मजूर पक्षानंही बाजूनं मत दिलं. एवढ्या मोठ्या बहुमताच्या जोरावर 'आधी सांगा कुठे चाललोय' एवढी एक अट कुणी गळ्यात मारली असती तर! २९ मार्च २०१७ ला पत्र गेलं. घड्याळ सुरू.

आणि मग त्यांनी निवडणूक लावली. दोन वर्षांतले पहिले अडीच महिने प्रचारात आणि निकालाच्या धुरळ्यात गेले, होतं ते बहुमतही गेलं आणि उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी या पक्षाच्या दहा खासदारांच्या टेकूवर सरकार आलं.

आता 'पत्ता' म्हणजे मी काय म्हणतो ते आंब्याच्या पेटीवरून सांगतो, कारण एकल बाजारपेठ हे प्रकरण मला स्वतःला त्या पेटीमुळेच कळलं. २०१४ मध्ये भारतातून आलेल्या काही फळभाज्यांत फळमाशी सापडली म्हणून युरोपीय महासंघानं १ मेपासून आपल्या हापूसवर बंदी घातली. ऐन हंगामात, महाराष्ट्रदिनी! लेस्टर आणि साउथॉलचे दुकानदार चिडले. इथे लंडनमध्ये मंत्री आहेत, संसद आहे, आणि आंबा आणायचा की नाही हे ब्रसेल्सला ठरणार? तो राग मला तेव्हा पटला होता आणि आजही पटतो. 'सोडा'वाल्यांना नुसतं अडाणी म्हणणाऱ्यांनी तो समजून घ्यावा. (बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठवायचं ठरलं.)

पण बंदी ब्रसेल्सला का ठरत होती? कारण हीथ्रोला एकदा तपासलेली पेटी पुढे न उघडता लिस्बनपर्यंत जाऊ शकत होती. फ्रान्सच्या कॅले बंदरात कुणी थांबवणार नाही, माद्रिदला कुणी कागद मागणार नाही. माशी लंडनला उतरली तरी स्पेनच्या बागेत पोचू शकते, म्हणून दाराचा नियम सगळ्यांचा मिळून एक. लंडनला आंब्याचा नियम स्वतः करायचा असेल तर खुशाल करावा, मात्र मग कॅलेला पेटी उघडणार. नियम आपला हवा आणि पेटीही उघडायला नको, हे दोन्ही एकदम मिळत नाही. औषधं, गाड्यांचे सुटे भाग, मटण, कशालाही हे लागू. महासंघ सोडून जाण्याची वाट निवडणं म्हणजे कुठल्या पेट्या उघडू द्यायच्या आणि कुठले नियम दुसऱ्यांचे मान्य करायचे, याची यादी करणं. ही यादी कंटाळवाणी असते. तिच्यावर टाळ्या पडत नाहीत. सरकारचं पहिलं वर्ष त्या यादीवर जायला हवं होतं आणि ते घोषणेवर गेलं. 'ब्रेग्झिट म्हणजे ब्रेग्झिट.' पेटीचा उल्लेख नाही.

किती तयारी होती याचा एक नमुना. नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पत्र देऊन दीड वर्ष उलटल्यावर, ब्रेग्झिट खात्याचे मंत्री डॉमिनिक राब जाहीरपणे म्हणाले की डोव्हर-कॅले या समुद्रपट्टीवर ब्रिटनचा मालव्यापार किती अवलंबून आहे याचा पुरता अंदाज आपल्याला नव्हता. डोव्हरच्या कड्यावर उभं राहिलं की हवा स्वच्छ असताना फ्रान्सचा किनारा दिसतो, आणि खाली बोटीत शिरणाऱ्या ट्रकांची रांग तर धुक्यातही दिसते.

आयर्लंडचा पेच तर आपल्याकडच्या कुठल्याही खेडुताला दोन मिनिटांत कळला असता. भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा हिस्से मोजण्याआधी वहिवाट बघावी लागते. विहिरीवर जायची वाट थोरल्याच्या हिश्श्यातून असेल, तर तो उद्या कुंपण घालणार की नाही हे कागदावर यायला हवं; नाहीतर वाटणी होते आणि दुसऱ्या दिवशी कोर्टकचेरी सुरू होते. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधली सीमा पाचशे किलोमीटरांची, तिच्यावर दोनशेहून जास्त ठिकाणी रस्ते ओलांडतात. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर तिथली लष्करी ठाणी गेली, आणि आता रस्त्याच्या खुणा मैलांच्या किलोमीटर झाल्या की माणसाला देश बदललेला कळतो. उत्तरेतल्या गोठ्यातलं दूध दक्षिणेतल्या कारखान्यात जातं. ही वहिवाट. ब्रिटन सीमाशुल्क संघातून बाहेर पडला की पेटी कुठेतरी उघडावी लागणार: एकतर या सीमेवर, किंवा आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या समुद्रात. तिसरी जागा भूगोलानं ठेवलेली नाही. एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ या दोन्हींच्या जवळ राहिलं तरच पेटी उघडायची वेळ टळते. लँकेस्टर हाऊसच्या भाषणात दोन्ही दरवाजे बंद करून घेतले आणि मग तिसरी जागा शोधण्यात दोन वर्षं गेली.

मंत्रिमंडळाला एकमुखी भूमिका घ्यायला जुलै २०१८ उजाडलं. चोवीस महिन्यांतले पंधरा संपले होते. चेकर्स या पंतप्रधानांच्या गावाकडच्या बंगल्यातल्या त्या बैठकीनंतर तीन दिवसांत ब्रेग्झिट मंत्री डेव्हिड डेव्हिस आणि परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन दोघेही राजीनामा देऊन मोकळे. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा करार संसदेत २३० मतांनी पडला. ब्रिटनच्या आधुनिक इतिहासात सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नाही. मार्चमध्ये आणखी दोनदा पडला.

आणि मग २७ मार्च २०१९ ची ती संध्याकाळ. मूळ हिशोबानं बाहेर पडायला दोन दिवस उरले होते. संसदेनं कामकाज आपल्या हाती घेतलं आणि आठ पर्यायांवर मतदान केलं: सीमाशुल्क संघ, नॉर्वेसारखी व्यवस्था, पुन्हा सार्वमत, काहीच करार न करता बाहेर, वगैरे. मी टीव्हीसमोर चहा घेऊन बसलो होतो. आठही पडले. पण आकडे बघा. सीमाशुल्क संघाचा पर्याय सहा मतांनी पडला. १ एप्रिलला तोच पुन्हा आला तेव्हा तीन मतांनी. साडेसहाशे खासदारांच्या सभागृहात तीन मतं! मंत्री अलिप्त राहिले नसते, सरकारनं जरा जरी जोर लावला असता, तर तिथे बहुमत होतं किंवा तयार करता आलं असतं. हे मतदान जुलै २०१६ मध्ये व्हायला हवं होतं, पत्राच्या आधी, सगळे दमून एकमेकांचा गळा धरायला निघण्याच्या आधी.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, युरोपनं स्पष्ट सांगितलं होतं की पत्राशिवाय बोलणी नाहीत. बरोबर, पण ती युरोपशी बोलणी. आपल्याच संसदेशी, एडिनबरा आणि बेलफास्टशी, डोव्हरच्या ट्रकवाल्याशी बोलायला ब्रसेल्सची परवानगी कशाला हवी होती? स्कॉटलंडनं ६२ टक्के 'राहावं' म्हटलं होतं, उत्तर आयर्लंडनं जवळजवळ ५६ टक्के. त्यांना बरोबर घेतल्याशिवाय निघणं म्हणजे बैलगाडी जुंपताना एक बैल विसरणं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. वेळ मागितला असता तर लोकांनी विश्वासघात म्हटलं असतं, पक्ष फुटला असता, मे यांची खुर्ची नाताळपर्यंत टिकली नसती. शक्य आहे. मी हा धोका खोटा म्हणत नाही. पण घाई करूनही विश्वासघाताचा आरोप चुकला का? नाही चुकला. पक्ष फुटायचा राहिला का? एकवीस खासदारांची मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या जॉन्सननीच पक्षातून हकालपट्टी केली. स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारी २०१४ ला स्थलांतराला आळा घालण्याच्या बाजूनं ५०.३ टक्के कौल आला. अंमलबजावणीला तीन वर्षं दिलेली होती. सरकारनं ती वापरली आणि युरोपशी असलेले करार न मोडणारा सौम्य कायदा केला. तिथेही 'दगा' म्हणून ओरडा झाला. मग २०२० मध्ये मुक्त संचार संपवायचा का, असा थेट प्रश्न पुन्हा मतदानाला आला आणि ६१.७ टक्के लोकांनी नाही म्हटलं. म्हणजे ओरडा झाला म्हणून आकाश कोसळत नाही.

ग्रीनलंडचं उदाहरण तर लंडनमध्ये कुणी घेतच नव्हतं, बहुधा फार लहान म्हणून. फेब्रुवारी १९८२ मध्ये तिथल्या ५३ टक्के लोकांनी युरोपीय समुदाय सोडायला मत दिलं, आणि प्रत्यक्षात ते बाहेर पडले १ फेब्रुवारी १९८५ ला. पन्नास-पंचावन्न हजारांची वस्ती, मुख्य मुद्दा एकच, मासे. तरी तीन वर्षं! जाताना करारही घेऊन गेले: मासळी युरोपात विनाजकात, बदल्यात युरोपच्या बोटींना मासेमारीचे हक्क. साडेसहा कोटींच्या ब्रिटनला दोन वर्षं पुरतील हा हिशोब कुणी मांडला होता, देव जाणे.

'करार नाही झाला तरी चालेल' ही धमकी ज्यांना मुत्सद्देगिरी वाटत होती त्यांच्यासाठी फक्त एवढंच: जानेवारी २०१९ मध्ये केंटमधल्या एका बंद विमानतळावर ट्रकांच्या कोंडीची रंगीत तालीम झाली. हजारो ट्रक अडकतील असं गृहीत होतं. तालमीला आले ८९. त्याच सुमारास जादा बोटींच्या सेवेसाठी १.३८ कोटी पौंडांचं कंत्राट ज्या कंपनीला दिलं गेलं तिच्याकडे एकही जहाज नव्हतं. धमकी ऐकणाऱ्यांना या बातम्या वाचता येत होत्या.

जॉन्सन यांना त्यांचं श्रेय देतो. त्यांनी पेटी समुद्रात उघडायचं मान्य केलं (मान्य केलं नाही असं सांगत सांगत), डिसेंबर २०१९ ची निवडणूक त्या करारावर लढवली आणि ऐंशीचं बहुमत आणलं. म्हणजे निघण्याच्या हुकुमानंतर साडेतीन वर्षांनी लोकांनी पत्त्यावर शिक्का मारला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. पण व्यापाराचा करार झाला २४ डिसेंबर २०२० ला, आणि तो लागू झाला आठवड्यात. नाताळच्या सुट्टीत बाराशेहून अधिक पानं वाचून सोमवारी माल पाठवायचा, अशी पाळी छोट्या व्यापाऱ्यांवर आली.

पुन्हा गोव्याकडे येतो. जनमत कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांनी आधीच मुख्यमंत्रिपद सोडलं होतं. ते विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. हरले. अडीच महिन्यांत निवडणूक झाली, त्यांचा पक्ष जिंकला, आणि जो गोवा स्वतंत्र राहू नये असं त्यांना वाटत होतं त्याच वेगळ्या गोव्याचे ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. मे यांचीही स्थिती तीच होती, नको असलेला निकाल राबवायचा. फरक असा की भाऊसाहेबांना आपण निकालाशी एकनिष्ठ आहोत हे सिद्ध करायला घाईनं घड्याळ सुरू करावं लागलं नाही. दोन पानांचा अर्थ ठरलेला होता.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी, कुठलाही पत्ता ठरायच्या आधी, करता आली असती: ब्रिटनमध्ये आधीच राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना 'तुम्ही राहा' असं सांगणं. 'सोडा'च्या प्रमुख नेत्यांनी मतदानाआधी तसं लिहून दिलं होतं. संसदेच्या वरच्या सभागृहानं, लॉर्ड्सनी, मार्च २०१७ मध्ये पत्राच्या विधेयकात ती हमी घातली. खालच्या सभागृहानं, कॉमन्सनं, ती काढली. माणसं बोलणीत उपयोगी पडतात म्हणे.

त्या माणसांत स्विंडनचा माझा एक मित्र होता. मूळचा बार्देशचा, बाप १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट. स्विंडनमध्ये असे हजारो गोंयकार आहेत. रविवारी चर्च सुटल्यावर पार्किंगमध्ये कोकणी ऐकू येते. सार्वमतात मी, भारतीय पासपोर्टवाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत देऊ शकलो. तो, ज्याचं घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं त्या मतावर टांगलेलं, देऊ शकला नाही. राहण्याच्या हक्कासाठी अर्ज करायचं सरकारी ॲप आलं ते सुरुवातीला आयफोनवर चालत नव्हतं, म्हणून त्यानं माझा अँड्रॉइड मागून नेला. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून पासपोर्टची चिप फोनच्या पाठीला लावून तो दहा मिनिटं सरकवत होता, खाली, वर, जरा डावीकडे. लागली एकदाची. आठवड्याभरात ईमेल आली: हक्क मंजूर.

"कागद?" त्यानं विचारलं. कागद नाही, सगळं ऑनलाइन, मी म्हटलं. बापाच्या जन्माचा दाखला मिळवायला म्हापशापासून लिस्बनपर्यंत शिक्के गोळा केलेला माणूस तो. त्यानं ती ईमेल छापली, प्लास्टिकच्या कव्हरात घातली आणि फाईलीत सगळ्यात वर लावली. ईमेलमध्ये खाली लिहिलंय की हे पत्र म्हणजे पुरावा नव्हे. ते त्यानं वाचलंय. फाईल अजून तशीच आहे.